तारेवरचा हिशेब

जुलै २०१७ मधलं स्टेशनरीचं एक बिल माझ्या कपाटात होतं. त्यावर काहीही नव्हतं. मुळात सगळं होतं. अँडरसन स्ट्रीटवरच्या दुकानाचा पत्ता, नवाकोरा जीएसटी नंबर, दोन डझन बॉक्स फायलींची किंमत आणि तळाला तमिळमध्ये आभार. पण बिल थर्मल कागदावरचं. या कागदाला शाई लागत नाही; उष्णतेनं त्यावरचा लेप काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. मग ऊन, हाताचा घाम आणि प्लास्टिकचं पाकीट यांच्या संगतीत ती निघूनही जातात. आमच्या क्लायंटनं हे बिल सुरक्षित राहावं म्हणून मुद्दाम प्लास्टिकच्या पाकिटात घातलं होतं, त्यामुळे ते वेळेआधीच कोरं झालं.

आता कायदा बघा. जीएसटीचं कलम ३६ सांगतं की त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागदपत्रं सांभाळायची. २०१७-१८ ची ती शेवटची तारीख सरकता सरकता फेब्रुवारी २०२० वर गेली. तिथून ७२ महिने मोजले की फेब्रुवारी २०२६. म्हणजे हा कोरा कागद साडेआठ वर्षं जपणं माझं कर्तव्य होतं आणि ते मी पार पाडलं. आयकराचा हिशेब निराळा. तिथे जुन्या नियमानं आकारणी वर्ष संपल्यावर सहा वर्षं. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून एक आकडा ठरवला असता तर आमच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी गेली असती, आणि त्याबरोबर निम्मी फीसुद्धा, म्हणून मी हा मुद्दा कुठे फारसा लावून धरत नाही.

चेन्नईत मला कुणी सीए म्हणत नाही. इथे आम्ही सगळे ऑडिटर. पुरुष असेल तर 'ऑडिटर सार', बाई असेल तर 'ऑडिटर अम्मा'. या पदवीबरोबर एक गैरसमजही मिळतो, की अम्मांना सगळं ठाऊक असतं. त्यामुळे दर एप्रिलमध्ये कुणीतरी येऊन विचारतं, "अम्मा, हिशेब डिजिटल करायचाय. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

हा प्रश्न माझ्या ऑफिसात मोठ्यानं विचारू नये. तिथे दोन पक्ष आहेत. थोरले असिस्टंट टॅलीचे. त्यांची बोटं माउसला शिवत नाहीत. एफ-पाच, एफ-सहा, एफ-सात असं चालू असतं आणि समोरच्याला वाटतं माणूस मृदंग वाजवतोय. धाकटा झोहो बुक्सचा. कारण ते ब्राउझरात चालतं, घरून चालतं, आणि मुख्य म्हणजे चेन्नईचं आहे. टॅली बंगळुरूचं. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत गोएंकांनी ते लिहिलं. झोहो कंपनीची सुरुवात १९९६ ची, अ‍ॅडव्हेंटनेट या नावानं, आणि झोहो बुक्स आलं २०११ मध्ये. एक कर्नाटकचं आणि एक तमिळनाडूचं म्हटल्यावर वाद हिशेबापुरता राहत नाही. दोन्ही पक्ष कावेरीच्या पाण्यावर जाऊन पोहोचतात आणि त्या दिवशीच्या एंट्र्या राहून जातात.

खरी गोष्ट या दोघांनाही माहीत आहे. क्लायंट टॅलीतला असो की झोहोतला, शेवटी आठवड्याच्या अखेरीस तो एक एक्सेल फाइल पाठवतो. तिचं नाव 'फायनल' असतं. रात्री 'फायनल न्यू' येते. सकाळी 'फायनल न्यू करेक्ट' येते आणि बेरीज पहिल्या फायलीचीच बरोबर असते.

त्यामुळे मी सॉफ्टवेअरचं नाव सांगायचं सोडून दिलंय. मी उलटा प्रश्न करते. बिल हातात पडल्यावर पहिल्या मिनिटात तुम्ही ते कुठे ठेवता? या प्रश्नानं माणसं गडबडतात. कुणी शर्टाच्या खिशाकडे बघतो, कुणी बायकोकडे. पण पुढचं सगळं त्या जागेवर ठरतं. बिल जिथे आपसूक पडतं तिथेच जाळं लावायचं. माणसाला नव्या जागी बिल ठेवायला शिकवणं मला जमलेलं नाही, आणि ज्यांना जमलं असं ते सांगतात त्यांचे क्लायंट मी पाहिलेले आहेत.

सैदापेटला एक मेस आहे. चालवणाऱ्या मामी साठीच्या पुढच्या. गल्ल्याच्या वर, छताच्या हुकाला, टोक वळवलेली एक लोखंडी तार लोंबते. भाजी, नारळ, तांदूळ, गॅस, जे बिल येईल ते मामी स्टुलावर उभ्या राहून तारेत खुपसतात. जुनं तळाला, नवं वर. तारखेप्रमाणे लावणं, क्रमांक देणं, एकही मधलं न हरवणं, हे सगळं त्या तारेत फुकट होतं. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदीचं पाणी सैदापेटमध्ये शिरलं. दुसऱ्या दिवशी चेन्नईत 'द हिंदू'सुद्धा छापून निघाला नाही, १८७८ पासून पहिल्यांदाच. तेव्हा मी जिथे नोकरी करत होते त्या तळमजल्यावरच्या ऑफिसात सर्व्हर जमिनीवर ठेवलेला होता आणि त्याचा बॅकअप घेतलेली डिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर. दोघं एकदमच गेले. पुढचा आठवडा आम्ही गच्चीवर दोरी बांधून ताळेबंद वाळत घातले. शेजारच्या आजींनी कुठल्या वडामाला, म्हणजे इथल्या कुरडयांना, किती ऊन लागतं त्याचे सल्ले दिले. मामींच्या मेसमध्ये कमरेपर्यंत पाणी होतं. तार कोरडी.

जीएसटीचा नियम ५७ म्हणतो, हिशेब इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा नीट बॅकअप ठेवा, म्हणजे अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात परत उभ्या करता येतील. हा नियम मी मामींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे उंचावर टांगा, असंच ना?" क्लाउड या विषयावर याहून नेमकं बोलणारा माणूस मला अजून सेमिनारात भेटलेला नाही.

मामींची तार मी काढली नाही. त्यांच्या नातवाला एक काम दिलं. रोज रात्री, बिल तारेत जाण्यापूर्वी, मोबाइलनं फोटो. फोटो एका फोल्डरमध्ये, महिन्याच्या नावानं. बाकी मेस कम्पोझिशन योजनेत आहे, म्हणजे तिमाहीला एक आकडा आणि पाच टक्के. त्यांना मोठं सॉफ्टवेअर देणं म्हणजे त्यांच्याकडून इडलीचे पैसे काढून घेणं.

याच्या अगदी उलट ओल्ड महाबलीपुरम रोडवरची पोरं. त्यांच्या कंपनीत कागद नावाची वस्तूच नाही. खर्चाला एक अ‍ॅप, पगाराला एक, प्रवासाला एक, बिलं बनवायला एक आणि या सगळ्या अ‍ॅपांना एकमेकांशी बोलायला लावणारं आणखी एक. मार्चमध्ये त्यांच्या संचालकाचा फोन, "मॅम, सप्टेंबरमधली एक एंट्री जरा डिलीट करूया का?" मी सांगितलं, १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग लागतो. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात राहतं आणि तो बंद करता येत नाही. एंट्री काढा, पण काढल्याचीही एंट्री होईल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि आता मी हे विचारलं, याची?"

नव्या पोरांना वाटतं हा जाच आत्ताचा. जीएसटीच्या नियम ५६ मध्ये हे २०१७ पासून सर्वांनाच आहे. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी सही. आणि हिशेब संगणकावर असेल तर प्रत्येक बदलाची नोंद. आपल्या जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड अशुभच मानत. इथल्या जुन्या दुकानांत नव्या वहीच्या कोपऱ्यांना हळद लावतात, वर पिल्लैयार सुळी काढतात. आपण 'श्री' लिहितो त्या जागी हे गणपतीचं चिन्ह. धाकट्यानं नव्या आर्थिक वर्षाच्या एक्सेल फायलीतही पहिल्या चौकोनात ते टाकलंय आणि त्या चौकोनाला कुलूप लावलंय. त्यामुळे सगळी सूत्रं एक ओळ खाली सरकली, पण काढायची हिंमत कोण करणार?

देव आणि कर यांची गाठ २०२४ मध्ये फार वाईट पडली. तमिळनाडूत आयुधपूजेला जे हत्यार तेच देव. वही, पेन, स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉप, सगळं चंदन-कुंकू लावून पूजेत. विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. त्या वर्षी आयुधपूजा आली ११ ऑक्टोबरला. मासिक जीएसटीआर-१ ची शेवटची तारीखही दर महिन्याची ११. थोरले असिस्टंट टॅलीसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "अम्मा, आज ती झोपलीय." अखेर एक जुना लॅपटॉप देवीला न दाखवता मागच्या खोलीत ठेवला गेला आणि त्यावर झोहोवाल्यानं विवरणपत्रं भरली. त्या दिवसापासून ऑफिसात झोहोवाल्याकडे थोडं संशयानं बघतात. सरकारही कधीकधी देवासारखं वागतं, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळानं शहर बुडवलं तेव्हा चेन्नई, तिरुवळ्ळूर, चेंगलपट्टू आणि कांचीपुरम या चार जिल्ह्यांना जीएसटीआर-३बी साठी २० ऐवजी २७ तारीख मिळाली होती.

आणि मग आमचे गलाईवाले मामा.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून, विट्याच्या आसपासच्या गावांतून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळायला बसली. चेन्नईत ती साहुकारपेठेत आहेत, एन. एस. सी. बोस रोडच्या आतल्या गल्ल्यांत, एकाच्या अंगावर एक चढलेल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. मूस, भट्टी, तेजाब, टंच. मामांचं तमिळ अस्खलित आहे पण सूर खानापूरचा. "इल्ल्ये, इल्ल्ये" म्हणताना शेवटी 'रं' येतोच.

मामांची डिजिटल व्यवस्था फक्त ओटीपीच्या बाबतीत आहे, आणि ती अशी: खात्याला जोडलेला मोबाइल धाकट्या भावाच्या नावावर, भाऊ विट्याला, आणि गावच्या जत्रेत असला की ढोलापुढे त्याला रिंग ऐकू येत नाही. डिजिटल सहीचा टोकन आमच्या ऑफिसातल्या मुरुक्कूच्या डब्यात असतो, बाकी सगळ्यांच्या टोकनांबरोबर. कायद्यानं तो ज्याचा त्यानं जवळ ठेवायचा. पण मुरुक्कूचा डबा नसलेलं ऑडिटरचं ऑफिस तुम्ही मला दाखवा.

मामांचा हिशेब आहे खिशातल्या वहीत. रुपये नाहीत, फक्त वजनं, ग्रॅम आणि मिलिग्रॅम. कारण सोनं त्यांचं नसतंच. ज्याचं आहे त्यानं डिलिव्हरी चलन द्यायचं, आणि मामांनी बिल करायचं ते मजुरीचं, त्यावर पाच टक्के जीएसटी. प्रत्येक पार्टीला एक खूण. कुणाला चांदणी, कुणाला उभ्या दोन रेघा. मी विचारलं, नावं का नाही लिहीत? मामा म्हणाले, "वही हरवली तर बाजारात कुणाचं किती हाय ते कळाया नगं."

मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. कंपनी सरकारच्या काळात मद्रास इलाख्यात गुंटूरसारख्या जिल्ह्यांच्या महसुली कचेऱ्यांत देशस्थ कारकून हिशेब मराठीत ठेवत. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांच्या १९६५ च्या गुंटूरवरच्या पुस्तकात त्या मंडळींच्या वर्चस्वाची गोष्ट आहे. साहेबाला तेलुगूच येता येता येत नसे, तिथे मराठी कुठून वाचणार? कारकुनाला काढावं तर हिशेब कोण लावणार? तंजावरच्या राजांचं दप्तर मोडीत आहे आणि आजही ते वाचायला माणूस शोधावा लागतो. याला आज एन्क्रिप्शन म्हणतात आणि त्याचं महिन्याचं भाडं घेतात.

तर पद्धत ठरली ती अशी. मामा रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, कारण सकाळी ते तिथेच 'शुभ सकाळ'चं फूल पाठवतात. त्या वाटेनं हात आधीच चालतो. तो फोटो फोल्डरमध्ये जातो, नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे रांग आपोआप लागते. थोरले टॅलीत मजुरीचं बिल करतात. झोहोचा पक्ष हरला, कारण मामांच्या गल्लीत भिंती जाड आहेत आणि नेट एका फोटोपुरतंच येतं.

एकच काम राहिलं होतं. नियम ५७ मध्ये असंही आहे की अधिकाऱ्यानं मागितलं तर फायलींचे पासवर्ड आणि वापरलेल्या खुणांचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. मी मामांना बसवलं आणि यादी केली. चांदणी म्हणजे कोण, दोन रेघा म्हणजे कोण. सगळं भराभर झालं. एका त्रिकोणापाशी मामा थांबले. त्रिकोण पानोपानी होता, आणि मजुरी जमा झालेली कुठेच नव्हती.

"हे कोण?"

"त्ये राहू द्या, ताई."

"मामा, याच्यावरचा जीएसटी आपण भरत आलोय. पैसे आले नाहीत म्हणून तो काही परत मिळत नाही. निदान आयकरात बुडीत म्हणून दाखवते. नाव सांगा."

मामांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मेव्हणा. पर यादीत लिवू नगा. त्याचं बी रिटर्न तुमच्याकडंच येतंय, आन् गेल्या वर्साला त्यानं ही मजुरी खर्चात दाखवलीया."