सात रात्री कुणाच्या?

निवृत्त आई-वडिलांनी आपला टाइमशेअरचा आठवडा मे महिन्यात, नातवंडांच्या सुट्टीला जोडून खर्च करायचा, ही चाल आता बंद झाली पाहिजे. वार्षिक फी त्यांच्या बँक खात्यातून जाते आणि खोली मुलाच्या ऑफिसच्या रजेनुसार ठरते. ज्याच्याकडे वर्षातले सगळे मंगळवार-बुधवार मोकळे आहेत, तो माणूस सगळ्या देशासोबत गर्दीच्या आठवड्यात घाट चढतो. हे प्रेमापोटी होतं, मान्य. तरीही चुकीचं आहे.

आपल्याकडे टाइमशेअरचा हा धंदा स्टर्लिंग कंपनीने 1986 च्या सुमारास सुरू केला, क्लब महिंद्रा 1996 मध्ये आली. वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं, असा ठरलेला साचा. जांभळा, लाल, पांढरा, निळा असे हंगामाचे रंग. शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ सगळ्यात महाग, पावसाळा आणि आडदिवस स्वस्त. चाळिशीतल्या नोकरदाराने लाल किंवा जांभळा रंग घेतला तो मुलांच्या शाळेकडे बघून, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. 2001-02 साली सही करणाऱ्यांची पंचवीस वर्षं आता संपत आली आहेत. उशिरा घेतलेल्यांची आठ-दहा वर्षं बाकी असतील. मुलं नोकरीला लागली, काही परदेशात गेली, रंग मात्र तोच राहिला. वरच्या रंगाच्या सदस्याला खालच्या रंगाच्या दिवसांत जाता येतं, हा हक्क कागदावर पडून आहे. तो वापरायला लागणारी मोकळीक ज्यांना मिळाली, तेच तो वापरत नाहीत.

मे महिन्यात महाबळेश्वरच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये सकाळी साडेनऊला नाश्त्याच्या हॉलमध्ये उभं राहून बघा. डोशाच्या तव्यापुढे रांग लागलेली आहे. रांगेत एक आजी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी प्लेट. तिला डोसा नको आहे, तो नातवासाठी आहे. आजोबा पोहण्याच्या तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर तीन टॉवेल, वर मुलाचा मोबाइल, सुनेचा गॉगल, नातवाचं घड्याळ. दुपारी सगळे वेण्णा लेकवर जातात आणि हे दोघं खोलीत टीव्ही लावून बसतात, कारण बोटिंगच्या रांगेत तासभर उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही. रात्री डीजे. ज्यांच्या नावाने खोली आहे, त्यांच्यासाठी त्या दिवसभरात काय होतं?

आता तेच दोघं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्याला, वार्का किंवा बाणावलीच्या बाजूला गेले तर? सोमवारी पोचायचं, रविवारच्या आत निघायचं. किनाऱ्यावर सकाळी चालायला भरपूर जागा, हवा अजून तापलेली नाही, जेवणाच्या हॉलमध्ये वाढणाऱ्या मुलांना चार शब्द बोलायला वेळ आहे. खोलीला छोटं स्वयंपाकघर असेल तर रात्री मेतकूट-भात घरच्यासारखा करून खाता येतो, आणि रिसॉर्टमधल्या जेवणाचं बिल निम्म्यावर येतं. हे बिल लहान समजू नका. राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतात म्हणून हात सैल सुटतो आणि निघायच्या दिवशी कळतं की खोलीपेक्षा थाळीच महाग पडली. कोकण किंवा सह्याद्रीतलं ठिकाण असेल तर एसटीने जा. 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून मोफत, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, बायकांना वयाची अट न ठेवता अर्धं. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये काढून घेतली ती परत दिलेली नाही, म्हणून मुन्नार-कुर्गचा प्रवासखर्च पूर्ण धरूनच बेत करा.

ठिकाण निवडतानाही वय मध्ये येतं आणि ते येऊ द्यावं. उटी 2,200 मीटरच्या वर आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच जावं. थंड हवेच्या ठिकाणची बरीच रिसॉर्टं उतारावर बांधलेली आहेत, रिसेप्शन वर आणि खोल्या पन्नास-साठ पायऱ्या खाली. संकेतस्थळावरच्या फोटोत दरी दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. म्हणून बुकिंग करतानाच लेखी मागा: तळमजला किंवा लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री डॉक्टर मिळेल ते जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर आहे. फोनवर तोंडी 'हो सर' मिळतं, पोचल्यावर दुसऱ्या मजल्याची किल्ली मिळते. ईमेल असेल तर काउंटरवर दाखवता येते.

पैशाकडे येऊ. आकडे मी हिशेबापुरते धरतो, तुमचे तुम्ही घाला. वार्षिक फी 20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,600. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र साधारण 3,370 रुपयांना पडते. चांगल्या जागी दोघांसाठी हा दर वाईट नाही. तीनच रात्री वापरल्या तर तीच रात्र 7,870 रुपयांची होते. सदस्यत्वाची मूळ रक्कम आता विसरा. ती वीस वर्षांपूर्वी गेली, तिच्यासाठी आज जीव जाळून काही परत येत नाही. आज फक्त एवढंच बघायचं की यंदाच्या फीच्या बदल्यात यंदा किती रात्री मिळाल्या. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, पण त्याला मर्यादा असते. ती मर्यादा तुमच्या करारात कुठल्या पानावर आहे ते शोधून ठेवा. दोन वर्षांच्या रात्री जोडून एका गावी पंधरवडा राहणं ही चैन नोकरदार सदस्याला कधीच जमत नाही. निवृत्ताला जमते, आणि फी वसूल करण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. गावची भाजीवाली ओळखू लागते, बाजाराचा वार कळतो, आणि रोज एक पॉइंट पाहिलाच पाहिजे हा धोशा सुटतो.

मुलांना नेऊ नका असं मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या पैशाने मे महिन्यात जाऊ द्या आणि तुम्हाला सोबत बोलावू द्या. पाहुणा म्हणून गेलात तर टॉवेल सांभाळायला कुणी बसवणार नाही.

साठीत नव्याने सदस्यत्व घेणाऱ्यांशी मात्र माझं जास्त भांडण आहे. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड खात्यात जमा झाला की मॉलमधलं टेबल बरोबर तुम्हाला शोधून काढतं. कूपनवर नाव-नंबर लिहिला, चार दिवसांनी फोन येतो: तुम्हाला मोफत सहल लागली आहे, घ्यायला पती-पत्नी दोघांनी यायचं. दोघंच का, हे समजून घ्या. घरी जाऊन जोडीदाराला विचारतो, ही सबब तिथे चालू नये म्हणून. मग हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास. थंड पाणी, बिस्किटं, पडद्यावर बर्फ, 'काका, आता नाही तर कधी जगणार?' शेवटी मॅनेजर येतो आणि आजच्या आज सही केली तरच मिळणारी सूट सांगतो. आयुष्यभर प्रत्येक पावती जपून ठेवणारी माणसं तिथे दहा मिनिटांत लाखांवर सही करतात. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांवर मला राग येतो. दोन तासांच्या माऱ्यापुढे, पत्नीच्या देखत, 'जगायचं राहून गेलं' हे कुणीतरी बोलून दाखवल्यावर सही होते. हे ठरवून केलेलं असतं.

पाच लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले तर कर कापण्याआधी वर्षाला 41,000 मिळतात आणि मुद्दल तुमचंच राहतं. टाइमशेअरमध्ये पाच लाख गेले की ते व्याजही गेलं आणि वर 23,600 फी भरायची. दोन्ही मिळून 64,600. सात रात्रींना भागा: एक रात्र 9,200 च्या पुढे, जेवण आणि प्रवास वेगळा, मुद्दल परत नाही ते आणखी वेगळं. या भावात एमटीडीसीच्या तारकर्ली, गणपतीपुळे, भंडारदऱ्याला राहून वर कुर्गचं चांगलं होमस्टेही होईल, आणि ज्या वर्षी मोतीबिंदू काढायचा किंवा गुडघा बदलायचा त्या वर्षी एक पैसाही द्यावा लागणार नाही. फी मात्र त्या वर्षीही येते. ती महागाईबरोबर वाढते, पेन्शन बहुतेकांची तेवढी वाढत नाही. खासगी नोकरीतल्या ईपीएसवाल्यांची तर ठरली तिथेच थांबते. एकसष्टाव्या वर्षी पंचवीस वर्षांचा करार म्हणजे शहाऐंशीव्या वर्षापर्यंत फी. कमी मुदतीच्या, पन्नाशीपुढच्यांसाठी काढलेल्या योजनाही बाजारात आहेत. त्यांनाही हाच हिशेब लावा.

युरोपात या धंद्याला कायद्याने वेसण घातली आहे. 2008 च्या युरोपीय निर्देशानुसार सही केल्यावर चौदा दिवस विचार बदलता येतो, त्या चौदा दिवसांत विक्रेत्याने आगाऊ पैसे घ्यायचेच नाहीत, आणि करार ग्राहक ज्या देशात राहतो किंवा ज्या देशाचा नागरिक आहे तिथल्या भाषेत हवा. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. पहिला हप्ता हॉलमध्येच कार्ड घासून घेतला जातो. करार इंग्रजीत, बारीक टाइपात, आणि सही करणारे काका जन्मभर मराठीत व्यवहार केलेले. महाराष्ट्र सरकारने दुकानांच्या पाट्या मराठीत करायला लावल्या, ते चांगलं केलं. साठीच्या माणसाकडून लाखो रुपये घेणारा करारही मराठीत मिळाला पाहिजे, असा नियम करायला काय हरकत आहे?

तोवर हातात आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. एकतर्फी, ग्राहकाला चेपणाऱ्या कराराला त्यात 'अनुचित करार' म्हणून जागा दिली आहे, मात्र तो मुद्दा राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. सेवेतली खोट किंवा खोटं आश्वासन असेल तर जिल्हा आयोग आहे. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. दोन वर्षांची मुदत मात्र पाळा. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी बऱ्याचदा कंपनी बोलायला तयार होते. करारात फेरविचाराचे दिवस दिले असतील, तर ते सहीच्या दिवसापासूनच धरून चाला. घरी आल्यावर मुलीला, शेजाऱ्याला, ओळखीच्या वकिलाला कागद दाखवायचा तो त्याच आठवड्यात.

बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा लावलेला आहे. फोन येतो: तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक मिळालंय, चांगली किंमत देतोय, फक्त आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा. भरलेत की मग जीएसटीचे, मग एनओसीचे. तुमचा सदस्यत्व क्रमांक त्यांना माहीत असतो, म्हणून विश्वास बसतो. विकत घेणारा कधी आधी विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, उशीर झाला तर ते खात्यातून पुढे पळतात. हस्तांतर करायचंच असेल तर कंपनीच्या कार्यालयातून, लेखी, आणि थकलेली फी किती हे आधी विचारून.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल घरोघरी कुणी बोलत नाही. सदस्यत्व नवऱ्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, ईमेल जुन्या ऑफिसचा. तो गेला की बायकोला एवढंच ठाऊक असतं की कपाटात एक फाइल आहे. फीची आठवण देणारे मेसेज बंद पडलेल्या नंबरवर येत राहतात, थकबाकीवर दंड चढतो, आणि तिने कॉल सेंटरला फोन लावला की पलीकडचा माणूस म्हणतो, 'मॅडम, सदस्यांशीच बोलू शकतो.' तिला कुठे जायची इच्छा असेलही. बहिणीला घेऊन, मैत्रिणीला घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठिकाण निवडून. म्हणून आजच कंपनीला लिहा: जोडीदाराचं नाव सहसदस्य म्हणून लावा, तिचा मोबाइल नोंदवा, वारसाचा फॉर्म मागवा, पोच घ्या. पुढचं बुकिंग तिला तिच्या फोनवरून करू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि तारखा फेब्रुवारीच्या घ्या.