भिंत तुमची, नजर सरकारची

मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा आपल्या राज्याचा कायदा 1995चा. रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही त्यात येते. लेखी परवानगीशिवाय तिचं रूप बिघडवलं की तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे भंडाऱ्यात कुणी स्वतःच्या घरावर सारसाची जोडी काढायची म्हटली, तर आधी नगर परिषदेत अर्ज. सारस आता राज्यात उरलेत ते बहुतेक गोंदिया-भंडाऱ्याकडेच, तेही मोजके. भिंतीवर तरी वाढले असते. मोहल्ला खूश होईल, रंगासाठी वर्गणीही देईल. पण मोहल्ल्याची पसंती कोणत्या कलमात बसवायची?

सिमेंट, खत, बियाण्यांच्या जाहिरातींनी साकोलीकडची घरं कधीच रंगलीत. मंडईच्या जत्रांच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागतात, ती निदान हंगामासोबत उतरतात. ‘भावी आमदारां’चा वाढदिवस मात्र पावसाळाही काढतो. त्यात विद्रूप काही नाही हो! स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की प्रशासनालाही कला सुचते: तोच गांधीजींचा चष्मा, त्याच ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्या. खाली नगरसेवकाचं नाव ठळक. चित्रकाराचं नाव टाकायला जागा उरत नाही.