निवांत पडा हो!

फोनवर काकांचं पालुपद ठरलेलं. "या हो जयगडला. इथे काऽही करायचं नाही. निवांत पडायचं." पुढे सारवलेलं खळं, मागे उतारावर हापूसची कलमं, खालून खाडीचा वारा. एवढं डोळ्यांसमोर आलं की मी बॅग भरतो. दरवर्षी भरतो आणि दरवर्षी फसतो.

पहाटे साडेपाचला पडवीत खाकरणं ऐकू येतं. "उठू नकोस, झोप. बाहेर गार आहे, एवढंच सांगायला आलो." पाच मिनिटांनी चहा. मग मूळ मुद्दा, "दोन आंबे काढतोस? गंमत म्हणून." ही गंमत दहापर्यंत चालते. लांब काठीची घळ पेलून मान मोडते, आणि खालून सूचना सुरू असतात, "देठ! देठ ठेव! चीक सालीवर उतरला की डाग पडलाच!" आंब्यावर डाग पडत नाही, माझं मनगट मात्र चिकाने भाजतं. खाली पडलेला आंबा आढीत घालायचा नाही, हा काकांचा कायदा. तो बाजूला ठेवून पुतण्याला खायला घालायचा, हे त्याच कायद्याचं पोटकलम.

काकू आतून ओरडतात, "अहो, त्याला पडू दे की जरा!"

"पडलाय की! मी कुठे काय म्हटलं?"

झोपाळ्यावर वाचायला म्हणून कादंबरी नेली होती. चार दिवसांत अकरा पानं झाली, त्यातली तीन दोनदा. उरलेल्या वेळात गडग्याचे ढासळलेले चिरे लावणं, वानरांवर डबा बडवणं आणि कोकमं फोडणं. सगळं अर्थातच गंमत म्हणून.

संध्याकाळी किल्ला. त्याच बुरुजापाशी थांबून काका जयबाच्या बलिदानाची आख्यायिका सांगतात. मी पुढचं वाक्य आधी म्हणालो तर रागावतात. दीपगृहाकडे हात करून, "१९३२ सालचं. माझ्याहून थोरलं, पण अजून कामावर आहे," असं म्हणताना माझ्याकडे का बघतात, कळत नाही.

एकदा फेरीबोटीत बसवलं. म्हटलं, तवसाळला काय आहे? पुढे हेदवीला दशभुज गणपती असतो, वेळणेश्वर असतं, एवढं मला ठाऊक होतं. "आपल्याला कुठे जायचंय? पलीकडे उतरायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. निवांत!" गाड्यांच्या मधोमध उभे राहून आम्ही शास्त्रीची खाडी दोनदा ओलांडली. काकांनी तेवढ्यात बोटीवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, "हा पुतण्या. मुंबईहून आलाय, आरामाला."

गेल्या वर्षी निघताना काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेलात की हे दोन दिवस नुसते झोपाळ्यावर बसून असतात. घळीला हात लावत नाहीत." त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याला. मे महिन्यात दोघांनाही रजा मिळत नाही.

तेव्हा यंदाही जातोय. तुमचेही असे कुणी काका असतील आणि त्यांनी निवांत पडायला बोलावलं असेल, तर जरूर जा. फक्त एक लक्षात ठेवा. दुपारी जेवण झालं की दीड ते तीन ते स्वतः घोरत असतात. जे काय पडायचं ते तेवढ्यात पडून घ्या.