काठावरची मंडळी

आमच्या अंगणातल्या तळ्याला तळं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. पण हौद म्हटलं की पाहुणे त्यात पाय धुतात, म्हणून तळंच म्हणायचं. तळाशी जाड काळं प्लास्टिक, वर कुमुदाची चार पानं आणि डासांच्या अळ्यांवर ताव मारणारे गप्पी मासे. आतलं सगळं एवढ्यावर भागतं. खरी पंचाईत काठाची. प्लास्टिकची कड कितीही दडपली तरी साडीखालच्या परकरासारखी कुठून तरी डोकावतेच. ती झाकायला झाडं हवीत.

आणि काठावरच्या झाडाकडून आपल्या अपेक्षा किती! मुळं बारमाही ओली राहिली तरी कुजायचं नाही, मे महिन्यात पाणी वीतभर खाली गेलं तरी रुसायचं नाही, पाण्यात पानांचा कचरा करायचा नाही आणि प्लास्टिकला भोक पाडायचं नाही. शेवटच्या अटीवर बांबू नापास. घरात केवड्याचंही नाव निघालं होतं. पण केवडा ऐसपैस पसरतो, पानांच्या कडांना काटे असतात आणि सुगंधी कणीस येतं ते फक्त नर झाडाला. मादी निघाली तर काटे तेवढे आपले. पाणकणीस फोटोत फार देखणं दिसतं. पण त्याचं ते तपकिरी कणीस पिकून फुटलं की लाखो बिया वाऱ्यावर निघतात आणि चिखलातून मुळं वेगळी चालत असतात. दोन पावसाळ्यांत तळं त्याचं, काठ आपला. जलपर्णीचं तर नावच नको. जांभळ्या फुलांना भुलून कोणी प्रेमाने एखादं रोप आणलं तर त्याला चहा पाजावा आणि रोपासकट परत पाठवावं. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या पाहुणीने आपल्याकडच्या नद्या-तलावांचं काय केलं, ते पुण्या-कोल्हापूरकडच्यांना विचारा.

रोपवाटिकेत तळ्यांच्या झाडांचा खास कोपरा होता. तिथे जांभळट-काळ्या, हातभर पानांचं एक झाड ऐटीत उभं होतं. नाव ‘ब्लॅक मॅजिक’. किंमत ऐकून मी चष्मा पुसला. बरोबर गुहागरची आत्या होती. तिने पान उलटून पाहिलं, देठ दाबला आणि निकाल दिला, “अरे, अळूच की हे! न्हाणीमागे माजतं ते. त्याला कोण पैसे देतं?” मग रोपवाल्याकडे वळून, “भाजी होते का हो याची?” तो बिचारा म्हणाला, “शोभेचं आहे, आजी.” “म्हणजे खाजरं असणार,” आत्या म्हणाली आणि पुढे चालू लागली.

जात शोभेची असली तरी कूळ अळवाचंच होतं. कोकणात न्हाणीचं पाणी जिथे जिरतं तिथे अळू, कर्दळ, केळ आणि कडेला सोनटक्का, असा काठ पिढ्यान्‌पिढ्या तयारच आहे. त्याचा आराखडा कोणी काढला नव्हता. पाणी वाया जाऊ नये आणि वडी-फदफद्याची सोय व्हावी, एवढाच हिशेब. मी तोच नकाशा उचलला. शेवटी ‘ब्लॅक मॅजिक’ राहिलं रोपवाटिकेत आणि आत्याच्या परसातले कांदे एस्टीने आले. सकाळी अळवाच्या पानाला बोट लावलं की पाण्याचा थेंब पान न भिजवता घरंगळत मधल्या खळग्यात जाऊन बसतो. हा खेळ मी घरातलं कोणी बघत नाही ना, हे पाहून खेळतो. सोनटक्का संध्याकाळी उमलतो. मूळचं हे हिमालयाच्या पायथ्याकडचं फूल आज क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. आमच्याकडे त्याला अजून मोरीमागची जागाच मिळत होती.

उथळ पाण्यात पाय बुडवून वेखंड उभं केलं. त्याचं पान चुरगाळलं की बाळगुटी उगाळल्याचा वास हाताला चिकटतो. प्लास्टिकची कड झाकण्याचं काम मात्र कोणत्याही उंच, देखण्या झाडाने केलं नाही. ते केलं जलब्राह्मीने. बारीक जाड पानं, नखाएवढी फिकट फुलं, आणि जमिनीवरून सरपटत सरळ पाण्यात उतरायची सवय.

एवढी निवड करून झाल्यावर पहिल्याच पावसात काठावर माका उगवला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी उपटायला वाकलो, तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि केसांच्या तेलासाठी ओंजळभर खुडून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “बाकी झाडं ठीक आहेत. हा मात्र छान निवडलात!”