उपप्रश्नांचे गुण कसे मोजावेत : नवशिक्यांसाठी

ऑनलाइन कोर्सचे गुण स्प्रेडशीट आपोआप मोजते, असं समजून तुम्ही निवांत बसला असाल तर हातातला चहा आधी संपवून घ्या. पुढे वेळ मिळणार नाही.

प्रश्न तिसरा, गुण १०. अ २ गुणांचा, ब २ गुणांचा आणि क ६ गुणांचा. अ म्हणजे व्याख्या, ब म्हणजे सूत्र, क म्हणजे खरं गणित. एका विद्यार्थ्याने अ आणि ब घोकून लिहिले, क चुकला. नवशिका काय करतो? तिन्हींची टक्केवारी काढतो, १००, १०० आणि ०, आणि त्यावर 'ॲव्हरेज' लावतो. उत्तर ६६.६७. फर्स्ट क्लास! प्रत्यक्षात पोराला १० पैकी ४ मिळालेत. घोकंपट्टीला फर्स्ट क्लास देण्याची आपली परंपरा जुनीच आहे, पण ती निदान जाणूनबुजून पाळावी. मिळालेल्या गुणांची बेरीज भागिले एकूण गुणांची बेरीज, सूत्र एवढंच. ते चुकवायच्या वाटा मात्र भरपूर.

सर्वांत सोपी वाट कोऱ्या रकान्याची. क सोडवलाच नाही तर तिथे शून्याऐवजी रिकामी जागा राहू शकते, आणि 'ॲव्हरेज' रिकामी जागा हिशेबातच धरत नाही. म्हणजे क ला हात न लावणारा १०० टक्क्यांवर आणि अर्धा तास झटून शून्य कमावणारा ६६.६७ वर. कोरा रकाना म्हणजे सोडवलं नाही, तुम्ही तपासलं नाही, की त्या रात्री लाइट गेली होती, हे मशीनला ठाऊक नसतं. ते तुम्ही ठरवायचं. 'गैरहजर' असं लिहून सुटका होईल असं वाटत असेल, तर बेरीज करणारं 'सम' त्या शब्दाला गुपचूप वळसा घालून जातं. अधिक चिन्हाने बेरीज केली असेल तर निदान आरडाओरडा तरी होतो.

चारपैकी तीन गुण मिळाले म्हणून ३/४ असं टाइप करून पाहा. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये एक्सेल त्याचं ३ एप्रिल करतं, अमेरिकी सेटिंगमध्ये ४ मार्च. तारीख आतून आकडाच असते. २०२४ मधल्या ३ एप्रिलचा आकडा ४५,३८५. चार गुणांच्या उपप्रश्नात एवढे गुण अजून कुठल्या बोर्डाने दिलेले नाहीत. हसू नका. 'मार्च-१' अशा नावांच्या मानवी जनुकांच्या एक्सेल तारखा करायचं, तेव्हा २०२० साली शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावं बदलली. तुम्ही मिळालेले गुण आणि एकूण गुण वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, म्हणजे झालं.

१० गुण तीन सारख्या उपप्रश्नांत वाटून प्रत्येकाचे ३.३३ करू नका. बेरीज ९.९९ येते, आणि उरलेला ०.०१ कुठे गेला हे विचारायला विद्यार्थी येत नाही, त्याचे बाबा येतात. राउंड करायचंच तर एकदाच, शेवटी.

एनपीटेलच्या ऑनलाइन कोर्ससारखे नियम असतील तर आणखी सांभाळा. तिथे बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंटना २५ गुण, परीक्षेला ७५. आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० दोन्ही लागतात. ९ अधिक ७० मिळून ७९ होतात, तरी पेढे वाटू नयेत.

शेवटी यादी अकारविल्हे लावायची हुक्की येईल. फक्त नावांचा रकाना निवडलात की एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही घ्यायचे का? घाईत 'नको' म्हटलंत तर नावं हलतात आणि गुण जागच्या जागी राहतात. म्हणून मूळ फाइलची प्रत आधीच बाजूला काढून ठेवा, आणि निकाल लावण्यापूर्वी कोणत्याही पाच जणांची बेरीज एकदा कागदावर करून बघा.