नव्वद टक्के शेड्यूलकर

चेन्नईतल्या वेलचेरीत आमच्या वरच्या मजल्यावर शेड्यूलकर राहतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटीच्या दोन स्क्रूंपैकी एकच बसलाय, त्यामुळे ती एका कानावर लोंबते आणि आडनाव मान वाकडी करून वाचावं लागतं. विचारलं तर म्हणतात, "काम नव्वद टक्के झालंय." दोनातला एक म्हणजे पन्नास टक्के, हे गणित मी एकदा मांडून पाहिलं. "तसं नसतं. पाटी आणली, भिंत मोजली, भोकं पाडली. वेटेज लावा, नव्वद भरतात."

शेड्यूलकर एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहेत. साइटवर त्यांना 'प्लॅनिंग सार' म्हणतात. इमारत कधी पुरी होईल हे सांगायचं, आणि तेव्हा ती का झाली नाही हेही सांगायचं, असं दुहेरी काम. पहिल्याला तीन आठवडे लागतात, दुसऱ्याला तीन वर्षं. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीनं क्रिटिकल पाथची पद्धत कशी काढली, ही कथा ते सत्यनारायणाच्या कथेइतक्याच भक्तिभावानं सांगतात. ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की अख्खा प्रकल्प एक दिवस पुढे जातो, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. बाकीच्या कामांना फ्लोट, म्हणजे उशीर करायची सवड. माणसांनाही त्यांनी हाच हिशेब लावलाय. वहिनी क्रिटिकल. मी पूर्ण फ्लोटमध्ये.

पुण्याहून बदली झाली तेव्हा ते संगणकात तिथलंच कॅलेंडर घेऊन आले. जून ते सप्टेंबर पावसाळा, खोदाई बंद. चेन्नईत जूनमध्ये टाळूवर पापड भाजावा असं ऊन. सगळी साइट हातावर हात धरून कोरड्या जमिनीकडे बघत बसली. ऑक्टोबरात यांनी पायाची खोदाई काढली आणि ईशान्येचा पाऊस हजर झाला. त्या प्रकल्पात वेळेवर आलेली ती एकच गोष्ट. वेलचेरी मुळात तळ्याकाठचं गाव, शेजारी पळ्ळीकरणैची पाणथळ. खड्ड्याचं तळं व्हायला दोन रात्री पुरल्या.

मग कॅलेंडर दुरुस्त होत गेलं. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून महिनाभर, नव्या कामाचा नारळ कुणी फोडत नाही. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. काँक्रीटची गाडी फाटकाशी ढोल फिरवत उभी राहते. आयुधपूजेला, आपल्या खंडेनवमीला, व्हायब्रेटरला गंध लागतं आणि तो त्या दिवशी हूं की चूं करत नाही. शेड्यूलकर हे सगळं हिंडरन्स रजिस्टरात उतरवतात. कुणामुळे, किती दिवस, सही. वाण्याची उधारीची वही आणि हे रजिस्टर यांत फरक एवढाच, की वाण्याला कधीतरी पैसे मिळतात.

रोज संध्याकाळी ते फोरमनकडे जातात. "प्लास्टर किती झालं?" उत्तर ठरलेलं: "तोण्णूरु परसेंट, सार." नव्वद टक्के. "उरलेलं?" "नाळैक्कु मुडिंजिडुम, सार." उद्या संपेल. शेड्यूलकर तमिळमधला पहिला शब्द शिकले तो हाच, नाळै. दुसरा अजून शिकायचाय.

पण या माणसाला लेचापेचा समजू नका. एकदा वरच्या साहेबांनी फर्मावलं, स्लॅबखालचे टेकू लवकर काढा, आठवडा वाचेल. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस आणि त्याहून मोठ्याला चौदा दिवस टेकू हलवायचे नाहीत, असं भारतीय मानक सांगतं. शेड्यूलकर शांतपणे म्हणाले, "साहेब, सिमेंट मीटिंगला येत नाही. त्याला कोण सांगणार?" टेकू राहिले. त्या दिवशी ते घरी आले ते शिट्टी वाजवत.

घरी मात्र त्यांचं कुणी ऐकत नाही. मागच्या गणपतीत त्यांनी उकडीच्या मोदकांचा बार चार्ट फ्रिजला चिकटवला. नारळ खवणं, मग सारण, उकड समांतर, सारण गार झाल्याखेरीज भरणं नाही. आरती साडेबाराला. वहिनींनी चार्टाकडे पाठ करून पावणेबाराला एकवीस मोदक चाळणीत ठेवले. शेड्यूलकर हवालदिल. "अगं, पण उकड अजून सुरूच व्हायचीये!" मग त्यांनी लॅपटॉप उघडून झालेल्या वेळा भरायला घेतल्या आणि आरती एकला झाली. समोरच्या मामींनी आणलेली कोळुकट्टै खात आम्ही वाट पाहिली. रजिस्टरात त्या उशिराचं कारण कुणाच्या नावावर पडलं, ते वहिनींनी बघू दिलं नाही.

फार मन खट्टू झालं की ते मला स्टेशनाकडे फिरायला नेत. वेलचेरीपर्यंत उन्नत रेल्वे 2007 साली आली. पुढं सेंट थॉमस माउंटपर्यंतच्या पाच किलोमीटरचं काम 2008 मध्ये निघालं. साडेचार किलोमीटर झाले आणि आदंबाक्कमचा शेवटचा अर्धा किलोमीटर जमिनीच्या वादात दहा वर्षांहून जास्त अडकला. त्या अडलेल्या वर्षांत शेड्यूलकर तिथं हात जोडल्यासारखे उभे राहत. "बघा. पाचातले साडेचार. वेटेज न लावता, चोख नव्वद टक्के." माहेरचं माणूस भेटल्यासारखा चेहरा व्हायचा.

गेल्या आठवड्यात ते पेढे घेऊन खाली आले. पुण्यात त्यांनी फ्लॅट घेतलाय, त्या बिल्डरचं पत्र आलं होतं. काम नव्वद टक्के पूर्ण, ताबा दिवाळीत.

"कुठल्या दिवाळीत?" मी विचारलं.

असली पत्रं ते स्वतः महिन्याला दोन लिहितात. क्षणभर त्यांचा हात पेढ्याच्या पुड्यावरच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नातं तोडायचं का जोडून ठेवायचं याचा विचार चाललाय.

"अहो," ते म्हणाले, "लेखी दिलंय त्यांनी!"