चकली विरघळली पाहिजे
(ऑनलाइन नवउद्योजकांसाठी प्राथमिक धडे)

धडा पहिला : पदार्थाची निवड

चकलीचं चॅनल काढायला चकली यावी लागते का, असं नवशिके नेहमी विचारतात. यावी लागत नाही. येत असली तरी फारसं बिघडत नाही. खरी गरज आहे ती फोनची, फोन उभा राहील अशा जागेची (साखरेचा डबा, त्यावर पोह्यांचा डबा, मागे टेकू म्हणून पोळपाट) आणि घरातली माणसं दुपारी अकरा ते दोन गप्प राहतील अशा बंदोबस्ताची. कुकरची शिट्टी चालते, तिने घरगुती वाटतं. सासूबाईंनी मागून ‘अगं, तेल तापलेलं नाही अजून’ म्हटलेलं चालत नाही. ते खरं असतं, म्हणून तर अजिबात चालत नाही.

चकलीच का? कारण ती बिघडते. शिरा सहसा बिघडत नाही आणि शिऱ्यावर कोणी बंगला बांधल्याचं ऐकिवात नाही. चकलीचं तसं नाही. मोहन जास्त पडलं की ती तेलात विरघळते, कमी पडलं की दातांची परीक्षा घेते. आच मोठी राहिली तर वरून लालबुंद आणि आतून कच्ची, दुसऱ्या दिवशी डबा उघडावा तर वातड. पीठ नीट मळलं नसेल तर सोऱ्यातून वेढा न पडता तुकडे पडतात. गिरणीवाल्याने भाजणी गव्हाच्या पाठोपाठ दळून दिली तर त्याचं वेगळंच. यातल्या प्रत्येक बिघाडाला आपापलं गिऱ्हाईक आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर रात्री साडेअकरा वाजता कढईसमोर उभी असलेली, पहिला घाणा तेलात पसरलेला बघणारी बाई जितक्या तळमळीने फोन हातात घेते, तितक्या तळमळीने बँकेचं कर्ज मागणाराही घेत नसेल. आपला सगळा धंदा त्या कढईपाशी उभा आहे.

चकली हाताला बसली की अनारशाकडे वळावं. अनारसा तुपात हसला की घरातलं दुसरं कोणीही हसत नाही, पण तो प्रगत अभ्यासक्रमाचा विषय.

धडा दुसरा : आठ मिनिटं

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर 1000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4000 तासांचं पाहणं जमवावं लागतं. (छोट्या उभ्या व्हिडिओंचा दुसरा रस्ता आहे, 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. तो वीस सेकंदांत मिरची खाणाऱ्यांसाठी.) 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. शिवाय व्हिडिओ निदान आठ मिनिटांचा असल्याशिवाय त्याच्या मधोमध जाहिराती लावता येत नाहीत. आता चकलीची कृती, अगदी सावकाश सांगितली तरी, चार मिनिटांत आटोपते. उरलेली चार मिनिटं कशी भरायची, याला कंटेंट म्हणतात.

सुरुवात ‘नमस्कार मैत्रिणींनो’ने करून आजी, आजोळ, पितळी सोऱ्या, ‘त्या काळी कुठे होत्या वाटण्याच्या मशीन’ या वाटेने जावं. दोन मिनिटं सहज निघतात. मग तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धी, धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं, हे खुशाल सांगून टाकावं. हे कोणीही सांगतं. त्यात आपलं काही जात नाही. उकड काढण्याचं दृश्य जवळून घ्यावं. आधणाचं पाणी खळखळतंय, वर तीळ नि ओवा फिरतायत, तिखटाचा लाल तवंग कडेला सरकतोय, भाजणी पडताच सगळं एकदम मुकं होतं. प्रेक्षक इथे हलत नाही. याच क्षणी मोहन घालताना कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून म्हणावं, ‘आणि तेल… अंदाजाने.’

अंदाजाने हा शब्द आपल्या व्यवसायाचं भांडवल आहे, तो जपून वापरावा. मोहनाचं नेमकं प्रमाण पुढच्या व्हिडिओत सांगण्याचं वचन द्यावं. पुढच्या व्हिडिओत त्याच्या पुढच्या व्हिडिओचं.

जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के आपले. हिशेबात 10 डॉलर जमले की गूगल पत्त्याची खातरजमा करायला टपालाने पिन पाठवतं. जगातली एवढी मोठी कंपनी शेवटी पोस्टमनवरच विसंबून आहे हे पाहून ऊर भरून येतो. पत्ता नीट लिहावा. ‘मारुतीच्या देवळामागे, जुन्या पाण्याच्या टाकीसमोर’ हे कॅलिफोर्नियाला कळत नसलं तरी पोस्टमनला कळतं. सोसायटीच्या वॉचमनलाही आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते पाकीट पिझ्झ्याच्या पत्रकांबरोबर मीटरच्या पेटीवर महिनाभर पडून राहतं. पैसे मात्र 100 डॉलर झाल्याशिवाय खात्यात येत नाहीत. तोवर यजमानांचा पगार चालू ठेवावा.

धडा तिसरा : सदाबहार, म्हणजे पंचांग बघून

परदेशी गुरू सांगतात, एव्हरग्रीन कंटेंट करा; एकदा केलं की वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडे ते चालतं, पण तिथी बघून. मोदकाचा व्हिडिओ अकरा महिने निपचित पडलेला असतो आणि भाद्रपद लागला की उठून बसतो. म्हणून ‘दरवर्षी 25 ऑगस्टला पुन्हा शेअर करणे’ अशी नोंद फोनमध्ये करून ठेवणारा नवशिका फसतो. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला आले; 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने ते 14 सप्टेंबरवर गेले. पुढचे सणही मागे सरकले, दिवाळीही नोव्हेंबरात. अधिक मास मात्र अनारशांचा सुगीचा काळ. जावयाला तीस-तीनाचं वाण द्यायचं तर तेहेतीस अनारसे न हसता उतरले पाहिजेत. दर पावणेतीन वर्षांनी फुलणारं असं सदाबहार जगात दुसरीकडे नसेल.

या विषयात दोन जुनी उदाहरणं अभ्यासावीत. एक वाईट, एक चांगलं.

वाईट उदाहरण कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चं. हे पुस्तक 1970 साली निघालं आणि अजून दुकानात मिळतं. ऐकणाऱ्याला वाटेल, काय यश! पण त्यात धंद्याच्या दृष्टीने किती घोडचुका आहेत पाहा. बाईंनी मापं वाटी-चमच्याची दिली, म्हणजे ज्या घरात वाटी आणि चमचा आहे तिथे पुढचं काहीच विकायला उरलं नाही. सांगायचं ते सगळं पहिल्याच फटक्यात सांगून टाकलं. सुवर्ण सदस्यत्व नाही, नूतनीकरण नाही, ‘उर्वरित कृतीसाठी खालील दुव्यावर’ नाही. एक प्रत घ्यायची, तिच्या पानांवर हळद-तेलाचे डाग पडायचे, ती मुलीबरोबर सासरी जायची, तिथून नातीबरोबर न्यू जर्सीला. तीन घरांनी एका किमतीत जेवण केलं आणि त्या पुढच्या दोन घरांचा रुपयाही कोणाला मिळाला नाही! नवशिक्याने या पुस्तकापासून लांब राहावं. ते वाचून लोकांना स्वयंपाक येतो.

चांगलं उदाहरण ‘कालनिर्णय’चं. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ते सुरू केलं. पुढे तिथी, वार, सण, संकष्टीचा चंद्रोदय. मागे राशिभविष्य, पाककृती, आरोग्याचे लेख. दुधाचा हिशेब लिहायला मार्जिन. आणि ही एवढी उपयुक्त वस्तू 31 डिसेंबरच्या रात्री आपोआप बाद होते! भिंतीवरचा खिळा तोच, गिऱ्हाईक नव्याने. याला म्हणतात सदस्यत्व. मला विचाराल तर मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी आधी त्या खिळ्याकडे बघावं.

धडा चौथा : मोहनाचं नेमकं प्रमाण

हा धडा फक्त सुवर्ण सदस्यांना दिसेल.

धडा पाचवा : ऑफर

फुकट, स्वस्त, महाग आणि फारच महाग अशा चार पायऱ्या कराव्यात. फुकट म्हणजे ‘चकलीच्या सात चुका’ ही पीडीएफ, जिच्यात चुका सात आणि उपाय शून्य असतात. ती मिळवण्यासाठी फोन नंबर द्यावा लागतो. मग 99 रुपयांची कार्यशाळा, रविवारी सकाळी अकराला, कारण तेव्हा नवरे घरी असतात आणि बायकांना दीड तास कुठेतरी जायचं असतं. मग 1,999 चा कोर्स. तो 1,999 आहे असं मात्र कधी म्हणू नये. 9,999 लिहावं, त्यावर लाल रेघ मारावी आणि खाली ‘आज फक्त’ लिहावं. आज उद्याही असतो.

बोनस भरपूर द्यावेत. ‘बोनस 1 : भाजणीची मानसिकता, किंमत 3,000 रु. बोनस 2 : सोऱ्याची निगा, किंमत 2,500 रु.’ एवढ्या पैशात सोऱ्या विकत आणून वर मिठाई घेता येते, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येण्याआधी घड्याळ सुरू करावं. घड्याळ उलटं मोजणारं हवं. 00:09:59. शून्यावर आलं की पान पुन्हा उघडल्यावर परत 09:59.

या बाबतीत सरकारचे आभार मानायला हवेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन फसवणुकीच्या 13 तऱ्हांची उदाहरणांसह यादी काढली आणि त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, पैसे भरताना हळूच किंमत वाढवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं. इतका सुटसुटीत अभ्यासक्रम दोन हजार रुपयांतही मिळत नाही. लाजवण्याचा प्रकार तर शिकण्यासारखाच. ‘हो, मला कोर्स हवा’ हे बटण मोठं हिरवं असतं, आणि त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरांत ‘नको, मला पाहुण्यांपुढे चकलीचा चुरा ठेवायला आवडतं’. हे करू नये. बंदी आहे. फक्त माहिती असावी.

कंपन्या मिक्सर भेट पाठवू लागल्या की आपण मोठे झालो असं समजावं. 2021 पासून जाहिरात परिषदेचा नियम आहे की अशा वेळी ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायचं. तो शब्द मिक्सरच्या आवाजात वाचला जाऊ नये इतपत तरी प्रयत्न लोक करतातच. वर्षभरातल्या भेटी 20,000 रुपयांपलीकडे गेल्या की 10 टक्के कर आधी कापावा लागतो, म्हणजे फुकटच्या मिक्सरचेही पैसे पडतात. सीए गाठावा. शक्यतो चकली आवडणारा.

धडा सहावा : परिवार

ग्राहक म्हणू नये, परिवार म्हणावं. परिवाराला बिल लावलं तरी तो रागावत नाही.

परिवार स्वतःच्या हातात हवा, याचं कारण 29 जून 2020. त्या रात्री टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो फॉलोअर असलेली गावोगावची माणसं सकाळी उठली ती नुसती माणसं म्हणून. तेव्हा प्रत्येक बिघडलेल्या चकलीचा नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा. ग्रुपमध्ये 1024 हून अधिक माणसं मावत नाहीत. ही व्हॉट्सॲपची मर्यादा आहे, पण आपण ‘फक्त 1024 निवडक मैत्रिणींसाठी’ असं लिहावं. खोटं काही नाही त्यात.

ग्रुप कसा चालतो ते एकदा जवळून पाहावं. पहाटे पाच चाळीसला गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. साडेनऊला नाशिकहून एक फोटो, कढईत तपकिरी गाळ, खाली ‘ताई हे काय झालं असेल’. त्यावर अकरा रडक्या इमोजी. मग कोणाचं तरी ‘माझंपण सेम’. मग एक पाण्याच्या टाकीची जाहिरात, जी टाकणाऱ्याला काढून टाकण्याबद्दल चाळीस संदेश. दुपारी आपण यावं आणि लिहावं, ‘खूप छान प्रश्न! रविवारच्या लाइव्हमध्ये सविस्तर बोलू.’ भिशीत निदान प्रत्येकीचा नंबर कधीतरी लागतो; इथे रविवार लागतो. गाळाचे फोटो मात्र जपून ठेवावेत. ते पुढच्या कोर्सच्या पानावर ‘आधी’ या सदरात लागतात. ‘नंतर’चे फोटो दुकानातल्या चकलीचे चालतात.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड प्रसंग एकच येतो आणि तो प्रत्येक ग्रुपवर येतो. साधारण तिसऱ्या महिन्यात, कधी एक शब्दही न बोललेल्या एक काकू, प्रोफाइलला तुळशीवृंदावनाचा फोटो, दुपारच्या चहाच्या वेळी लिहितात : ‘अगं बाळा वाटीभर भाजणीला मोठा चमचाभर तेल घाल. पाणी भाजणी तेवढंच. तेल जास्त झालं म्हणून विरघळली. आता त्या पिठात थोडी कोरडी भाजणी घालून मळ नि एकच चकली तळून बघ. बुडबुडे बसले की काढ.’

तासाभरात नाशिकहून फोटो येतो. काटेरी, खमंग, ताटलीत पाच. ‘काकू जमलीऽऽ’.

घाबरू नये. काकूंना ग्रुपमधून काढायचं नाही. चाळीसजणी त्यांच्यामागे जातील आणि त्या काकू उद्या फुकट ग्रुप काढतील. त्यांचा संदेश पुसायचाही नाही, पुसल्याची खूण राहते आणि सगळ्या विचारतात काय होतं. वर लगेच ‘धन्यवाद काकू, आपल्या परिवाराचा आधारस्तंभ!’ असं लिहावं, तीन हात जोडावेत आणि काकूंना ॲडमिन करावं. अनुभव असा की ॲडमिन झालेलं माणूस दोन दिवसांत उत्तरं द्यायचं थांबतं आणि नियम सांगायला लागतं. तिसऱ्या दिवशी अमरावतीहून कोणी कढईचा फोटो टाकला की काकूच लिहितात, ‘कृपया बिघडलेल्या पदार्थांचे फोटो फक्त सोमवारी टाकावेत. शंका रविवारच्या लाइव्हमध्ये.’